उणे साडेएकतीस लाडू

भाचीच्या रुखवताला उणे साडेएकतीस लाडू लागतील, असं मी शेणवे गावी, तिच्याच घरच्या ओट्यावर, जमलेल्या सगळ्या बायकांच्या देखत, खणखणीत आवाजात जाहीर केलं.

ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "उणे म्हंजे काय रे? मुरबाडच्या व्याह्यांकडूनच मागून आणायचे का?"

"आणि तो वरचा अर्धा?" सुमन म्हणाली. (सुमन ही माझी बायको. माझ्या विद्वत्तेची जुनी साक्षीदार.) "तो कुणाचा उष्टा?"

ओटा हसून हसून लोळला. हसू दे! मी आजही म्हणतो, उत्तर जरा इकडेतिकडे झालं असेल, पण माझं सूत्र पक्कं होतं.

त्याचं असं झालं. ताईच्या प्रणालीचं लग्न मुरबाडला ठरलं. प्रणालीला रुखवतात रव्याच्या लाडवांची उतरंड हवी होती. मडक्यांची असते तशी, पण ताटल्यांची. सगळ्यांत वर एक लाडू, त्याच्या खालच्या ताटलीत दोन, त्याखाली चार, अशी दुप्पट-दुप्पट करत सहा थर, आणि तळाला परात. हौसेचा भाग होताच, पण खरी गोम होती नवऱ्या मुलाची आत्या. ही बाई म्हणे रुखवताभोवती हात मागे बांधून प्रदक्षिणा घालते आणि काय कमी, काय जास्त, ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगते. एका सुनेच्या लोकरीच्या पोपटाला डोळा एकच आहे हे तिने शोधून काढलं होतं. त्या सुनेला सासरी अजून पोपटवाली म्हणतात!

"मामा, मला कुणी नावं ठेवायला नकोत हो," प्रणाली काकुळतीला येऊन म्हणाली. "काय कमी-जास्त दिसायला नको."

"मी मामा कशाला झालोय?" मी म्हणालो, आणि लाडवांचा हिशेब अंगावर घेतला.

आता सहा थरांची बेरीज कुणीही बोटांवर करील. पण आमचे शाळेतले गणिताचे सर म्हणायचे, बेरीज हमालाने करावी. हुशार माणसाने शेवटच्या थरानंतर जो थर आला असता तो मनात धरावा आणि त्यातून पहिला थर वजा करावा. झालं! एवढी वर्षं हे सूत्र मी जपून ठेवलं होतं, आणि वापरायची संधी ही अशी लाडवांतून आली. घाईत मी परातीपासून सुरुवात केली. बत्तीस, सोळा, असं करत शेंड्याला एक. त्याच्या पुढचा थर अर्ध्या लाडवाचा. अर्ध्यातून बत्तीस गेले की काय उरतं ते तुम्हीच करून बघा!

"मामा, वरून मोजा ना," प्रणालीने हळूच सुचवलं.

वरून एक, आणि तळाला बत्तीस. पुढचा थर चौसष्टचा. त्यातून एक गेला. "त्रेसष्ट!"

सुमनने लगेच चिंचोके मांडले. एकेक थर मोजला. भरले बरोबर त्रेसष्ट! मी मिशीवरून हात फिरवला. (मला मिशी नाही. पण अशा वेळी हात तिकडे जातोच.) तिथून पुढे माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग ताईने कांदे घेऊन उतरंडीची तालीम केली. दोन कांद्यांवर ताटली ठेवली आणि ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा वरचा कांदा गडगडत थेट अंगणातल्या कोंबड्यांत गेला.

"अरे, चुलीला कधी दोन दगड मांडतात का?" ताई डाफरली. "तीन लागतात तीन! दोनावर काय तरतं?"

म्हणून दुप्पट गेली आणि तिप्पट आली. वर एक, खाली तीन, मग नऊ, मग सत्तावीस. थर चारच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. सत्तावीसच्या पुढे एक्याऐंशी, त्यातून एक गेला.

"ऐंशी लाडू!"

"ऐंशी?" सुमन म्हणाली. "अवो, थर सहाचे चार झाले, आणि लाडू वाढले कसे?"

"तिप्पट आहे ती! तिप्पट म्हणजे राक्षस असतो राक्षस!"

"परत एकदा चिंचोके मांडू का?"

"अंतरपाट धरल्यावर कोणी पत्रिका जुळवतं का? सूत्र मघाशीच सिद्ध झालंय."

"बरं," सुमन म्हणाली. (लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच एका शब्दात माझ्याशी सहमत झाली होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं!)

रवा भाजला, पाक झाला, आणि बायका वळायला बसल्या. वळून वळून सुमनचं मनगट धरलं. शेजारणी एकेक करून "दूध उतू जाईल गो" म्हणत सटकल्या. ऐंशी म्हणजे ऐंशी वळून झाले, तेव्हा ओट्यावर ताई, सुमन, मी आणि माझं सूत्र एवढेच उरलो होतो.

लग्नाच्या दिवशी लाडवांचा टोप मांडीवर घेऊन मी टेम्पोतून किन्हवलीमार्गे मुरबाडला गेलो. मांडवात टेबल होतं, टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारी चादर. मी स्वतः उतरंड रचली. परातीत सत्तावीस, वर ताट, त्यात नऊ, वर ताटली, तीन, वर बशी, आणि शेंड्यावर एक. काय दिसत होती म्हणून सांगू!

आणि टोप अर्धा भरलेला.

मी पुन्हा टोपात डोकावलो. टोपातले लाडू माझ्याकडे बघत होते.

"मेल्या!" ताई कानाशी येऊन कुजबुजली. "आता ती बया म्हणणार, यांना उतरंड रचता आली नाय, अर्धे लाडू टोपातच राह्यले!"

मी शांतपणे टोप पायाने टेबलाखाली सरकवला आणि चादर नीट केली. एवढ्यात आत्याबाई आल्या. हात मागे बांधलेले. तोरण बघितलं, गालिचा बघितला, उतरंडीला एक फेरी मारली. मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग बाई खाली वाकल्या आणि त्यांनी चादर उचलली!

"आणि हे वो मामा? हे लाडू कोणापास्नं लपवलेत?"

पलीकडे मुंडावळ्या बांधलेल्या प्रणालीचा चेहरा एवढासा झाला. आता पोपटवालीनंतर टोपवाली!

चूक कबूल करणं हा एक मार्ग होता. पण तो आमच्या घराण्यात नाही.

"लपवले नायत, आत्याबाई," मी छाती काढून म्हणालो. "मांडायचेत अजून. ही उतरंड माहेरची. दुसरी सासरची. आजपासून दोन्ही घरं तिचीच ना? म्हणून आमच्याकडं दोन मांडतात."

ताईचा आ वासला. तिचा सगळा संसार शेणव्यात झाला होता, आणि ही प्रथा तिला आत्ता कळत होती. मी आचाऱ्याकडून ताटं मागवली आणि सगळ्यांदेखत दुसरी उतरंड चढवली. सत्तावीस, नऊ, तीन, एक. टोप रिकामा. एक कमी नाही, एक जास्त नाही!

शेवटचा लाडू ठेवताना मला सरांचं पुढचं वाक्य आठवलं. वजाबाकीनंतर भागायचं असतं! जितक्या पटीने थर वाढतात त्यातून एक कमी करून, तितक्याने. दुप्पट असली की एकाने भागावं लागतं, म्हणून ते कळत नाही. तिप्पट असली की दोनाने. म्हणजे लाडू चाळीसच हवे होते. पण मी म्हणतो, त्यात सूत्राचा काय दोष? उतरंडच एक कमी धरली होती!

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रणालीला जवळ घेतलं. "बघ गो, तुझ्या मामाने माझ्या घराचीपण उतरंड मांडली." मग माझ्याकडे वळल्या. "मामा, आमच्या धाकटीचं लग्न आलंच आहे पुढं. तिलापण अशाच दोन मांडायच्या, एक थर वाढवून. रवा-तूप मी पाठवते, पण लाडू तुमच्याच घरचे. किती लागतील?"

मी डोळे मिटले. एक्याऐंशीच्या पुढे दोनशे त्रेचाळीस, त्यातून एक गेला. "दोनशे बेचाळीस! दोन्ही उतरंडींना मिळून!"

घरी आल्यावर सुमनने चिंचोके मांडले. एकेका उतरंडीला एकशे एकवीस. तंतोतंत!

रवा-तूप आलं त्या दिवशी मी पलंगावर आडवा पडून म्हणालो, "बघितलंस? न भागताच बरोबर उत्तर आलं. भागायची काही गरजच नव्हती."

सुमनने पाकात मुरलेल्या रव्याची परात आणून माझ्या पोटाशी ठेवली.

"आता भागा," ती म्हणाली. "दोनानेच ना? निम्मे मी वळते, निम्मे तुमी. आणि पहिला वजा करायचा असतो म्हणून तोंडात टाकायचा नाय!"