घाटातला ब्रेक
आमचा साहेब कडक होता. लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांच्या तुकड्या त्याच्या हुकमात होत्या. ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाला आणि पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात गाड्यांचा मोठा साहेब म्हणून आला.

मी आकुर्डीचा, चौथी नापास, गॅरेजात हात काळे करून शिकलेला. काम मागायला गेलो तर तिथला इंजिनियर हसला. म्हणाला, "भावा, इथे शिकलेली माणसं लागतात."

साहेब म्हणाला, "ती लॉरी घे. ब्रेक करून दे. घाटात बघू."

दोन दिवस राबलो. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः चालवायला बसला. विमानं होती तेव्हापासूनचा त्याचा रिवाज होता, ज्याने दुरुस्त केलं त्याने पहिल्या फेरीला बरोबर बसायचं. इंजिनियरलाही बोलावलं. त्याचं पोट दुखायला लागलं.

बायको भाकरी घेऊन फाटकात उभी होती. आता ती वारली त्याला चार महिने झाले, पण तो आवाज अजून कानात आहे. "मीबी येते."

साहेब म्हणाला, "बाई, ब्रेक नाही लागला तर?"

"ह्यांचा हात मला ठाऊक हाय, साहेब. तुमचंच म्हाईत न्हाई. इमान चालवलंत, पण लॉरी येती का?"

साहेबाने उतरून तिला दार उघडून दिलं.

खंडाळ्याचा घाट अर्धा उतरलो आणि जळका वास आला. ब्रेक लागत होते, पण मी ते फार घट्ट बसवले होते. चाकातला ब्रेकचा ड्रम तापून लाल व्हायचा बाकी होता.

"कशाचा वास?" साहेबाने विचारलं.

लॉरी जुनी आहे म्हटलं असतं तर खपलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती.

"माझी चूक. घट्ट बसवलेत." काम गेलं असंच धरून बोललो.

साहेबाने लॉरी कडेला थांबवली. बायको तांब्यातलं पाणी ड्रमवर ओतायला निघाली. मी ओरडलो, "ड्रम तडकंल!" मग ड्रम निवेपर्यंत तिघांनी दगडावर बसून तिची भाकरी खाल्ली. साहेब म्हणाला, "लपवलेल्या चुकांनी माझी पोरं गेली लढाईत. त्यांच्या आयांना पत्रं मी लिहिली." मी ब्रेक सैल केले, खोपोली गाठली.

परत आल्यावर साहेबाने इंजिनियरला सांगितलं, "उद्यापासून हा कामावर."

"साहेब, पण याने चूक केली ना?"

"केली आणि सांगितली. तू तर बसलाही नाहीस."

पुढे त्या कारखान्यात जन्म काढला. चुका झाल्या, पण दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगितल्या. एकदा त्यापायी बढती अडली. अडली तर अडली.