वांग्यावरचा आळ

नूरजहांभाभींच्या घरी मासळी सात पाण्यांतून निघायची. "आमच्यात भांडी फुटत न्हाईत, घासून घासून संपत्यात," असं त्यांचे पती फारूकभाई चहाच्या गाड्यावर सांगायचे, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

कराडच्या एका खाजगी दवाखान्यात भाभी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनची लांबट हत्यारं धुवायचं काम त्यांचं. आधी ती एका उग्र औषधात भिजवायची, मग सीलबंद बाटलीतल्या निर्जंतुक पाण्यानं धुवायची, एवढाच डॉक्टरांचा नियम. भाभींनी त्यात आपल्या पदरची भर घातली होती. त्या औषधाच्या नुसत्या वाफेनं डोळे चुरचुरायचे. ते कुणाच्या पोटात थेंबभर राहिलं तर? म्हणून बाटलीनंतर त्या हत्यारं एकवार नळाखाली धरायच्या. कोयनेचं पाणी, त्याला नावं कोण ठेवणार? हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी पाहिलंही नव्हतं. सगळं मायेपोटी चाललं होतं.

गेल्या वर्षी उंब्रजच्या लीलाबाईंचं पित्ताशय काढलं. जखम छान भरली, आणि महिन्याभरानं बेंबीपाशी गाठ येऊन वाहू लागली. मागोमाग आणखी तिघींना तेच झालं. नेहमीच्या औषधांचा गुण येईना. डॉक्टर उदयसिंहांनी पू तपासायला पाठवला, तेव्हा कळलं की हा क्षयाच्या जंतूचा चुलत भाऊ. हा पाण्यात राहतो, आणि दवाखान्याच्या टाकीत त्यानं नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. डॉक्टरांनी थिएटरमधल्या सगळ्यांना बोलावून विचारलं, "हत्यारांना नळाचं पाणी कुठं लागतं का?" सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. भाभींनीही हलवली, आणि हलवता हलवताच त्यांना आपलं ते नळाखाली धरणं आठवलं.

त्या दिवसापासून भाभींनी हत्यारं नळाखाली धरणं बंद केलं. डॉक्टरांनी टाकीही बदलली. नवी गाठ कुणालाच आली नाही. पण बावीस वर्षांच्या नावलौकिकावर आपल्याच तोंडानं पाणी कसं फिरवायचं? भाभी गप्प राहिल्या.

आठ महिन्यांनी सांगलीत या जंतूंवर मोठं चर्चासत्र भरलं. उदयसिंह तिथं याच चार बायकांबद्दल बोलणार होते. थिएटरच्या माणसांनाही बोलावणं होतं, म्हणून त्यांनी भाभींना गाडीत घेतलं. सहा महिने गोळ्या खाऊन खडखडीत बऱ्या झालेल्या लीलाबाईंनाही डॉक्टरांनी सभेला दाखवायला बरोबर घेतलं होतं. डॉक्टर पुढं, या दोघी मागं.

"डाक्टर काय बी म्हनू द्यात," लीलाबाई भाभींच्या कानाशी लागल्या, "माझी जखम चिघळली ती वांग्यानं. धा दिस झालं न्हाईत तवर सुनंनं भरलं वांगं वाढलं. दीपमालाला ठावं न्हाई व्हय, वांगं बाधतंय ते?"

"मग तुमी खाल्लं कशाला, मावशी?"

"लय झ्याक झालंतं. पन तवापासनं तिच्या हातचं खात न्हाई मी. माझी भाकरी मीच थापते. दोनदा रडली पोर. म्या बधले न्हाई."

भाभी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसल्या. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. उंब्रजच्या एका घरात आठ महिने दोन तवे तापत होते, आणि एक पोर फुकट बोलणी खात होती. नोकरीची भीती भाभींना होतीच. पण आता त्या भीतीपेक्षा लाज मोठी झाली.

सांगलीचं ते सभागृह थंडगार होतं. दोन-तीनशे डॉक्टर बसले होते आणि पडद्यावर निळ्या रंगात त्या जंतूच्या गुलाबी काड्या दिसत होत्या. "एवढ्याशा मेल्यानं एवढं छळलं," लीलाबाई पुटपुटल्या. उदयसिंह शेवटाला आले. "जंतू आमच्या नळात सापडला. पण तो हत्यारांपर्यंत कसा पोचला, ते मात्र आम्हाला समजलं नाही."

भाभी उभ्या राहिल्या. कुणीतरी हातात माइक दिला.

"सायेब, मला समजलंय. बाटलीच्या पान्यानंतर मी नळाखाली धरत व्हते. औषिधाचा वास जावा म्हनून. तुमी इचारलं तवा मी खोटी मान हलवली. ह्यात लीलाबाईंच्या सुनंचा काय बी दोष न्हाई, आन् वांग्याचा बी न्हाई."

वांगं कुठून आलं ते सभागृहाला कळेना. उदयसिंहांनी चष्मा काढून पुसला. "मी आठ महिने शोधत होतो ते या बाईंनी सांगितलं," ते म्हणाले. "भाभी, रागावणार आहे मी. पण कराडला गेल्यावर."

जेवणाच्या वेळी साताऱ्याची एक सिस्टर ताट घेऊन भाभींशेजारी सरकली. "भाभी, आमी बी शेवटी नळाखालीच धरतो हो," ती हळूच म्हणाली. मग विट्याची एक आली, मग मिरजेच्या दोघी. उदयसिंह जेवण सोडून वहीत लिहीत उभे होते.

लीलाबाई मात्र लांब कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. भाभींनी त्यांच्यापाशी जाऊन हात जोडले.

"राग आलाय मला," लीलाबाई म्हणाल्या. "सा महिनं कडू गोळ्या गिळल्यात मी." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला एका बाईपुढं कृष्णाकाठच्या वांग्यांचा ढीग दिसला, तशी लीलाबाईंनी गाडी थांबवायला लावली. दोन किलो वांगी निवडून घेतली, एकेक देठ तपासून. गाडीत बसून त्यांनी फोन लावला.

"दीपमाला, मसाला वाटून ठेव. वांगी मी आनते. भरलं कर, तवाच्यावानी." मग पलीकडचं ऐकून, "व्हय, मी बी तुज्याच हातचं जेवनार हाय."

लीलाबाईंनी फोन ठेवला. मग पदरानं डोळे टिपले, आणि पिशवीतली निम्मी वांगी भाभींच्या ओटीत ओतली.

"ही तुमाला," त्या म्हणाल्या. "धुवा चांगली, पन एक पानी कमी."