कुमारांच्या कपाटाचा प्रसाद

खंडेराव ग्रंथपाल तसे भित्रे. वाचनालयाचे अध्यक्ष चिमाजीराव वकील समोर आले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. म्हणूनच ‘कुमारांसाठी’ हे कपाट रिकामं करून सगळी पुस्तकं रद्दीत घालायचं ठरलं, तेव्हाही त्यांनी ब्र काढला नाही.

चिमाजीरावांचं म्हणणं सरळ होतं. लहानांना गोष्टी हव्यात, मोठ्यांना कादंबऱ्या; मधल्या चौदा-पंधराच्या कार्ट्यांनी गणितं सोडवावीत. त्या कार्ट्यांना वाचनालयाच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, मग पुस्तकं नेणार कोण, हे मात्र वकीलसाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या कपाटाला वाचक एकच, खुद्द खंडेराव. पन्नाशीचा माणूस वर्तमानपत्राच्या आड पुस्तक धरून समुद्री चाच्यांच्या गोष्टी वाचायचा आणि कुणी आलं की बाजारभावाचं पान उलटायचा.

पण या खेपेला त्यांनी डोकं चालवलं. दसऱ्याला सरस्वतीपूजनात दरवर्षी जाडजूड ग्रंथ मांडत. यंदा त्यांनी चौरंगावर कुमारांची पुस्तकं रचली आणि हळदकुंकू वाहिलं. पूजलेली पुस्तकं रद्दीवाल्याला कोण देणार?

चिमाजीराव आले, हात जोडले, पुस्तकं ओळखली आणि गालात हसले. “बरोबर आहे. पूजलेली पुस्तकं रद्दीत नको. संध्याकाळी गोदावरीत विसर्जन करा.”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. खंडेरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते उदबत्तीच्या धुरावर ढकलून त्यांनी वेळ निभावली.

संध्याकाळी सोनं द्यायला पोरंपोरी आली. सणाला उंबऱ्याचा नियम नसतो. आपट्याची पानं हातावर ठेवायची, पाया पडायचं, प्रसाद घ्यायचा. पेढे बघता बघता संपले. शेवटी शेजारच्या रहेमान बुकबाइंडरची बिलकिस हात पुढे करून उभी राहिली. खंडेरावांनी चौरंगावर अक्षता टाकून उत्तरपूजा उरकली आणि वरचं पुस्तक तिच्या हातावर ठेवलं.

“प्रसाद,” ते म्हणाले. “वाचून परत आणायचा.”

“प्रसाद कधी परत आणतात होय?” विसर्जनावर लक्ष ठेवायला आलेले चिमाजीराव कडाडले.

“हा आणतात,” खंडेराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच उलटून.

बाकीच्या पोरांनीही हात पुढे केले, आणि पोरांच्या हातातला प्रसाद हिसकावून घेणं काही वकिलांच्यानेही झालं नाही. चौरंग रिकामा झाला.

पुढचे दोन दिवस खंडेरावांना अन्न गोड लागलं नाही. पुस्तकं परत आली नाहीत तर नदीनं काय घोडं मारलं होतं?

तिसऱ्या दिवशी बिलकिस थेट आत आली. चेहरा रागीट.

“काका, शेवट चुकलाय. त्या पोरानं जहाज सोडून घरी यायलाच नको होतं.”

खंडेरावांचंही अगदी हेच मत होतं. पण इतक्या वर्षांत ते बोलून दाखवायला कुणी भेटलंच नव्हतं. त्यांनी घाईघाईनं दुसरी खुर्ची ओढली.

“बस,” ते म्हणाले. “मला तर तो कप्तानही पटला नाही.”