हळदीच्या पाटातला डमरू

भूमचे फकरुद्दीन मिस्त्री लाकडात पितळ बसवतात, चिकटवत नाहीत. सरस लावणं म्हणजे लाकडाला लाच देणं, असं त्यांचं मत. खाच तळाशी किंचित रुंद कोरायची, पट्टी ठोकायची, पुढचं लाकूड सांभाळतं. शेवटी गिऱ्हाइकाच्याच हातानं पाटावर तांब्याभर पाणी ओतायचं. पट्टी उचलली तर पाट चुलीत. अशा पाटांवर शिजलेला भात फार महागात पडतो, असं त्यांच्या बायकोचं, बिस्मिल्लाबींचं म्हणणं.

माकणीच्या मथुराअक्का एसट्या बदलत पाट न्यायला आल्या, तेव्हा पाटावरच्या पितळी वेलीचं एकच पान ठोकायचं राहिलं होतं. नात वैष्णवी परवा या पाटावर हळदीला बसणार होती. शिसवाचं झाड अक्कांच्या मालकांनी लावलेलं. मालक गेले, झाड वादळात पडलं, पाटाजोगी फळी एवढी एकच निघाली. माकणीसारखं धरणाकाठचं लाकूड भूमच्या कोरड्या हवेत एक उन्हाळा मुरू द्यावं लागतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. पण लग्नाची तिथी लाकडाला विचारून काढत नाहीत, आणि अक्कांना नाही म्हणणं मिस्त्रींना जमलं नव्हतं.

शेवटच्या पानावर हातोडी पडली आणि ‘कट्’ झालं.

केसाएवढी भेग, पाटाच्या कडेपासून वेलीपर्यंत. उंबऱ्यावर अक्कांचा अडकित्ता थांबला.

“भुसा भरा, वरनं मेण घासा,” बिस्मिल्लाबी पुटपुटल्या. “कुनाला दिसतंय?”

“पाण्याला दिसंल की,” मिस्त्री म्हणाले.

अक्का जवळ आल्या. “मोडला का हो, मिस्त्री?”

“अजून न्हाय, अक्का. भेगंवर आडवा पितळी डमरू, मधी बारीक अन् दोन्हीकडं रुंद असा तुकडा, बसवला तर धरून ठेवंल. पर ठोकताना दुभंगला तर...”

“आन् न्हाई बसवला तर?”

“नवरी बसली की दुभंगंल.”

“मग ठोका. माझ्याकडं काय बघताय, पाटाकडं बघा.”

मिस्त्रींनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खाच कोरली, डमरू टेकवला. एक टोला, मग कान लाकडाला. पुन्हा टोला, पुन्हा कान. बिस्मिल्लाबींनी चुलीवरचा तवा उतरवला. आवाज नको म्हणून, की जळणाला जागा हवी म्हणून, हे विचारायची ती वेळ नव्हती.

डमरू बसला. भेग डमरूपाशीच थांबली. मिस्त्रींनी तांब्या पुढं केला, अक्कांनी ओतला. काही हललं नाही. मिस्त्री पाट पुसायला वाकले.

“थांबा,” अक्का म्हणाल्या. “आमच्यात पोरीला एका तांब्यात न्हाऊ घालत न्हाईत.”

आणि बादली घेऊन त्यांनी रांजणाकडं मोर्चा वळवला. अख्खी बादली पाटावर रिकामी झाली. डमरू जागचा हलला नाही.