बोलेल त्याचाच चेहरा

मी चौथी शिकलेली. कोल्हापुरात काजूच्या कारखान्यात माल निवडायच्या टेबलावर मी मुख्य होते. काजू आजऱ्याच्या युनिटमधून सोलून यायचा. मालक जयसिंगपूरच्या दुकानात बसायचे आणि दर सोमवारी आमच्याकडं यायचे. माल ओला असला तर मी तोंडानं कधी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर एक काजू दोन बोटांत दाबायची. कोरडा कटकन तुटतो, ओला वाकतो. त्यांना कळायचं.

मग तिन्हीकडं कॉम्प्युटर आणि कॅमेरे आले. माल पाठवायचा की नाही ते कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्येच ठरू लागलं. त्यासाठी दोन सॉफ्टवेअर आठ-आठ दिवस वापरून एक घ्यायचं होतं. पहिल्यात मालक, आजऱ्याचा मुकादम आणि मी, तिघंही सारख्या चौकोनांत दिसायचो. मी कॅमेऱ्यापुढं काजू दाबला, तो वाकला, आणि मालकांनी मुकादमाला सगळा माल परत वाळवायला लावला. दुसऱ्यात जो बोलेल तोच पडदाभर यायचा. बाकीचे दिसतच नसत.

शेवटच्या दिवशी मालकांनी विचारलं, "मग, कुठलं घ्यायचं?"

"दुसरंच घ्या की मालक," मुकादम म्हणाला. "आवाज कसा खणखणीत येतोय."

"मावशी, तुमचं काय?"

'पहिलं' ओठांपर्यंत आलं होतं. पण कॉम्प्युटरवाला शेजारीच उभा होता. पहिलंच का, असं त्यानं विचारलं तर काय सांगू? मी म्हणाले, "दोन्ही बरी हायत."

"मावशींच्या तोंडात काजू हाय जणू!" मुकादम हसला.

दुसरं घेतलं.

श्रावणात माल ओला आला. मीटिंगला मी काजू दाबून धरला. मुकादम मालाचं कौतुक करत होता, पडदाभर तोच. मी खाकरले तेव्हा माझा हात क्षणभर दिसला, पण लगेच मुकादम परत बोलायला लागला. माल गेला. बुरशी धरून परत आला.

मालक स्वतः आले. "मावशी, बोलला का न्हाईसा?"

"दाखवत होते की."

"कुणाला?"



त्या दिवसापासून मला पोती शिवायला बसवलं. माझ्या जागी मुकादमाची भाची आली. ती छान बोलते. मला 'पहिलं' हा एकच शब्द बोलायचा होता, तोही विचारल्यावर. सोमवारी मीटिंग लागली की मुकादमाचा आवाज पोत्यांपर्यंत येतो. खणखणीत येतो, त्यात त्यानं खोटं सांगितलं नव्हतं.