ऑइल पितंय कोण

आमच्या गाडीचं ऑइल कमी होऊ लागलं तेव्हा मी पहिला संशय जावयावर घेतला. दुसरं होतंच कोण? गाडी माझी, लांब नोकरीला असलेल्या मुलानं घेऊन दिलेली. पण चालवायचे जावई. नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात, लग्नकार्याला, पाथर्डीच्या बाजाराला, सगळीकडे तेच नेत. त्यांच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे. त्यालाही ऑइल लागतं. मला एवढं पुरेसं होतं.

दर पंधरा दिवसांनी ते यायचे आणि म्हणायचे, "मामी, ऑइल परत खाली गेलंय. लिटरभर टाकावं लागंल."

"जातं कुठं?"

"आतल्या आत जळतंय. सकाळी निळा धूर येतोय, बघा."

मी बघितला. होता निळा, पण जरा वेळानं गेला. गाडीचा धूर कुठल्या रंगाचा असावा हे मला कुठं माहीत? त्यामुळे तोही पुरावा मी मानला नाही.

जावयाच्या जागी मुलगा असता तर कान धरून विचारलं असतं. जावयाला चोर म्हणायचं म्हणजे लेकीच्या संसारात बिब्बा घालायचा. आणि ते साव निघाले तर लेक पुन्हा माझी पायरी चढायची नाही. मला एकच लेक. म्हणून तोंड मिटून पाळत ठेवली.

गाडीखाली धुतलेलं पांढरं पोतं अंथरलं. सकाळी त्यावर एक डाग नव्हता, म्हणजे गळत नव्हतं. ऑइलचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. "तुमचे हात कशाला खराब करता, मीच टाकते," मी म्हणाले. ऑइल मोजायची पट्टी काढून पुसायची, परत आत घालायची, मग बाहेर काढून खुणेशी बघायची, हे त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. बाहेर जाऊन काढत असतील म्हणून प्रत्येक फेरीला मीही गाडीत बसले. ओळखपाळख नसलेल्या लोकांच्या साखरपुड्यातही जेवून आले. तरी पंधरा दिवसांत ऑइल खालच्या खुणेला! आता मला वाटायला लागलं, गडी भलताच हुशार आहे.

गावातल्या मेकॅनिकनं बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तिथनं ऑइल वर जातंय. इंजिन उतरवावं लागंल."

"न उघडता कळलं?"

"अनुभव हाय, आजी."

"मलाबी हाय," मी म्हणाले आणि गाडी नगरला न्यायला लावली. जावई आणि हा मेकॅनिक एका टपरीवर चहा पितात, हे मी बघून ठेवलं होतं.

नगरचा मेकॅनिक वयस्कर होता. त्यानं आधी सगळ्या सिलिंडरांचा दाब मोजला. सारखा निघाला. "रिंगा चांगल्या हायेत," म्हणाला. मग टर्बोचा रबरी पाईप काढला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं चाक, ते इंजिनात जास्तीची हवा ढकलतं. पाईपमध्ये त्यानं बोट फिरवलं, ते ऑइलनं चिकट झालं. चाक हलवून बघितलं तर डुगडुगत होतं. तिथून ऑइल हवेबरोबर इंजिनात जात होतं आणि जळत होतं.

"घाट चढून आला की गाडी लगीच बंद करता का?" त्यानं जावयांना विचारलं. "टर्बो लालबुंद असतोय. मिनिट-दोन मिनिटं चालू ठिवायची असती. न्हाई तर आतलं ऑइल करपतं आन् सगळं झिजतं."

जावई टायरकडे बघत राहिले.

करंजी घाट चढला की मी चहाला गाडी थांबवायची. चाकं थांबायच्या आत म्हणायची, "बंद करा, डिझेल जळतंय." चुलीतलं लाकूड काम झालं की मागं ओढायचं, तशी ही सवय. एकदा ते म्हणाले होते, "मिनिटभर राहू द्या, मामी." तेव्हा मला वाटलं, डिझेल संपवायची यांना कसली घाई? त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

"मीच बंद करायला लावते," मी म्हणाले.

"मग टर्बो तुमीच खाल्ला, आजी," मेकॅनिक म्हणाला.

टर्बो उतरवेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी आडपडदा ठेवला नाही. "बापू, माझा तुमच्यावर वहीम हुता. वाटलं, ऑइल तुमच्या इंजनात जातंय."

"ठावं हुतं."

"लेकीला सांगितलं?"

"न्हाई. तिला सांगून तुमच्या दोघींचं भांडण मी का लावू?"

 मग त्यांनीच विचारलं, "आता तरी बसला का भरवसा?"

"ऑइलपुरता बसला," मी म्हणाले.