आईने रिकामी केलेली टोपली

आमच्या भावकीत श्रावणात कानबाई बसते. रविवारी देवी बसते आणि सोमवारी तिची बोळवण होते. पण त्याआधीचे आठ दिवस घराचा ताबा बायकांकडे असतो. गोधड्या, पडदे, डबे, माळ्यावरची पितळी भांडी, सगळं बाहेर येतं आणि धुऊन आत जातं. एखादा माणूस फार वेळ एका जागी बसला तर त्यालाही घासून पालथा घालतील. देवी बसते ती धुळ्याजवळच्या गावी, चुलतभावाच्या घरी, आणि आम्ही राहतो जळगावात. तरी माझी आई इथलं घरही तेवढंच घासते. देवी इकडे यायची नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर तिने मला माळ्यावर चढवलं.

दोन वर्षांपूर्वी तिने फोनही साफ केला.

फोन माझा जुना होता. नवा घेतल्यावर तो मी तिला भजनं ऐकायला दिला, पण त्यातलं माझं कॉलेजचं खातं काढायचं राहून गेलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. कॉलेजने प्रत्येकाला ईमेल आणि त्याबरोबर क्लाऊडवर ऐसपैस जागा दिलेली आहे. बाकीचे तिथे परिपत्रकं ठेवतात. मी तिथे मोठ्या मायची गाणी ठेवली होती.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. कानबाईची गाणी आमच्या भावकीत ती म्हणायची आणि बाकीच्या बायका मागून तीच ओळ ओढायच्या. तीन वर्षं मी सुट्टीत गावी जाऊन ती रेकॉर्ड करत होतो. ती भाकरी थापायची, मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो. मग हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, तब्येत ठणठणीत झाली, पण आवाज गेला तो गेलाच. मोठी माय चौथीपर्यंत शिकलेली आहे. नातवाची पाटी तिने ताब्यात घेतली आणि तिच्यावर लिहून ती अख्ख्या घराला पूर्वीइतकंच झापू लागली. आषाढात मी भेटायला गेलो तेव्हा तिने पाटीवर लिहिलं, “कानबाईले मन्हं गानं लावशी ना?”

“लावणार म्हणजे काय,” मी म्हणालो. “स्पीकर आणतो मोठा.”

कानबाईच्या आदल्या सोमवारी संध्याकाळी मी ती गाणी पेनड्राइव्हवर घ्यायला बसलो. फोल्डर रिकामं होतं. डिलीट केलेलं महिनाभर जिथे पडून राहतं, त्या केराच्या टोपलीत पाहिलं. तीही रिकामी. एवढ्यात आई हात पुसत आली आणि कौतुकाने म्हणाली, “फोन बी साफ करी टाका बरं मी. जागा नही, जागा नही, अशी वरडत व्हता. इतला कचरा कसाले ठेवस रे?”

तिला त्या फायलींमध्ये ना फोटो दिसला, ना नाव. नुसते पांढरे चौकोन आणि आकडे. मी कधी नावंच दिली नव्हती. आणि त्यापुढे टोपलीचं चित्र दिसल्यावर तिने तीही रिकामी केली, कारण देवीच्या दिवसांत आमच्याकडे केर घरात ठेवत नाहीत, उंबऱ्याबाहेर टाकून येतात. जगात कुणी एवढ्या श्रद्धेने ते बटण दाबलं नसेल.

मी फार वाईट बोललो. नको त्या गोष्टीला हात लावतेस, कळत नाही तर विचारावं, असलं बरंच. कुणाची गाणी गेली ते कळल्यावर तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, “एकच ठिकाने कशी ठेवी रे तू? मी लोनचं बी दोन बरन्यांमा भरस. एक नासनी तर दुसरी राहस.”

ग्रंथालयात नोकरी करणारा मी. दुर्मीळ पुस्तकाची प्रत काढून वेगळ्या कपाटात ठेवा, असं येईल त्याला सांगणारा. क्लाऊडवर आहे म्हणजे जपलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत होती. क्लाऊड म्हणजे दुसरी बरणी नव्हे, तीच बरणी. एका फोनमधून हात घातला की सगळीकडून रिकामी होते. हे मला आईने शिकवावं याचा रागही आला आणि तिच्यावर ओरडल्याची लाजही वाटली.

मंगळवारी कॉलेज उघडायच्या आधी मी कॉम्प्युटर विभागाच्या दाराशी उभा होतो. तिथला माणूस शांत आहे. आमचे प्राध्यापक पासवर्ड विसरून विसरून त्याला तसा करून गेले आहेत. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, “टोपली कधी रिकामी झाली?”

“शनिवारी.”

“मग बसा, भाऊ. तुमच्याकडून गेलं, पण खातं कॉलेजचं आहे. टोपली रिकामी केल्यावरही थोडे दिवस आमच्या बाजूने परत आणता येतं. स्वतःचं घरचं खातं असतं तर मी काही करू शकलो नसतो. फक्त अर्ज द्या आणि सरांची सही आणा.”

मी अर्ज लिहिला. विषय : डिलीट झालेल्या फायली परत मिळणेबाबत. प्राचार्यांनी चष्मा वर केला. “कसल्या फायली?”

“कानबाईच्या गाण्यांच्या, सर.” कॉलेजच्या जागेत घरचं ठेवल्याबद्दल आता मेमो मिळणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण सरांचं आजोळ शिरपूरकडचं निघालं, तिथेही कानबाई बसते. त्यांनी सही केली आणि वर शिक्काही मारला, जो लागत नव्हता.

कॉम्प्युटरवाल्याने तारखा टाकल्या. “यात निवडता येत नाही,” तो म्हणाला. “या दिवसांत जे जे टाकलं गेलं ते सगळं एकदम येईल. नाहीतर काहीच नाही. उद्यापर्यंत वाट पाहा.”

बुधवारी दुपारी फोल्डर भरलं. मी पहिली फाइल लावली आणि ग्रंथालयाच्या शांतता राखा या पाटीखाली मोठी माय खणखणीत आवाजात गाऊ लागली. मी आईला फोन केला. ती नाक ओढत म्हणाली, “आते जेवस मी.” तेव्हा मला कळलं की दोन दिवस ती नीट जेवली नव्हती.

शनिवारपर्यंत मी तीन प्रती केल्या. एक हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, एक गावी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर पाठवून. आईने जातीने तपासणी केली आणि पेनड्राइव्ह पदराच्या कोपऱ्याला पिन लावून ठेवला. बसमध्ये पाचोऱ्याची एक बाई शेजारी होती, तिला तो काढून दाखवलाही.

गावी पोचलो तेव्हा ओसरीवर बायका गहू निवडत होत्या. मी स्पीकर लावला. मोठी माय समोर पाटावर बसली, पाटी मांडीवर. स्वतःचंच गाणं ती मन लावून ऐकत होती. हाताने ठेका देत होती आणि ओसरीवरच्या बायका मागून ओढताना चुकल्या की पाटीवर खडू आपटत होती. एक झालं, दुसरं झालं. गाण्यांची नावं मी अजूनही घातली नव्हती, त्यामुळे पुढे काय लागेल ते मलाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्याच्या जागी गाणं लागलंच नाही. आधी भांड्यांचा आवाज, मग खोकला. काय ते माझ्या लक्षात आलं. जिथे गाणं बिघडलं होतं, ते तुकडे महिन्याच्या सुरुवातीला मीच निवडून फेकले होते, आणि सगळं एकदम परत आणताना तेही आले होते. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकरमधून मोठी माय खेकसली, “बंद कर तुन्हं ते डबडं! तोंड कसं सुकी गयं. जेवना का तू?”

गाणी बाकीच्या बायकांनाही येतात. हे वाक्य फक्त तिचं होतं, आणि ते मी कचरा म्हणून टाकलं होतं. आठ महिन्यांत हा प्रश्न मला कुणी त्या आवाजात विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि तोंडातून सवयीने उत्तर गेलं, “नही अजून.”

ओसरीवर कुणी हसलं नाही. मोठ्या मायने पाटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. परत आली ती ताट घेऊन. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कांदा. ते माझ्यापुढे ठेवून ती समोर बसून राहिली, मी पहिला घास घेईपर्यंत.